चिंतामणराव देशमुख : संस्थांची उभारणी आणि राजीनामा

अर्थमंत्र्याच्या कारकीर्दीचे मोजमाप सामान्यतः त्याच्या अंदाजपत्रकांवरून केले जाते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२) यांच्या बाबतीत ही पद्धती अपुरी पडते. कारण त्यांचे टिकाऊ कार्य संस्थांच्या रूपाने उरले आहे.

कुलाबा जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेल्या देशमुखांची सनदी सेवेतील जडणघडण मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. नागपूरच्या सचिवालयात ते वित्तसचिव होते. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेस उपस्थित राहिले आणि १९५० मध्ये अर्थमंत्री झाले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीने दाखविले की, शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के असून सावकाराचे वर्चस्व कायम होते. त्या निष्कर्षास अनुसरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली व पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. आज नागपूरजवळ कळमन्याच्या बाजार-आवारात धान्य व संत्री घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास पीककर्जासाठी बँकेचे दार ठोठावता येते, त्याचा एक धागा येथवर पोहोचतो.

१९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा व्यवसाय वटहुकुमाने सरकारी नियंत्रणाखाली आला. त्याच वर्षी जुलैमध्ये देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता झाली, हा त्यांच्या निवेदनातील मुख्य आक्षेप होता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी न झाल्याची खंतही त्यात होती.

येथे एक शंका उपस्थित होते. ज्यांनी विम्याचा निर्णय गुप्त राखला, त्यांनी सल्लामसलतीचा आग्रह धरावा काय? परंतु दोन्ही प्रसंगांत भेद केला पाहिजे. विम्याबाबतची गुप्तता कंपन्यांपासून होती. निधीची हलवाहलव टाळणे हा तिचा हेतू होता आणि वटहुकुमामागून संसदेचा कायदा आला. मुंबईच्या बाबतीत मात्र, देशमुखांच्या म्हणण्याप्रमाणे, ज्यांनी निर्णय घ्यावयाचा तेच वगळले गेले.

म्हणून या राजीनाम्यास केवळ प्रांताभिमान मानणे एकांगी ठरेल. त्यात मराठी भाषकांविषयीची आत्मीयता निश्चितच होती. पण संस्था नियमांनी चालतात, व्यक्तीच्या इच्छेने नव्हे, ही त्यांची प्रशासकीय श्रद्धाही त्यात होती. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र स्थापन झाला आणि तो प्रश्न मिटला. त्या श्रद्धेची कसोटी मात्र प्रत्येक पिढीस नव्याने द्यावी लागते.