कानामागचा भुंगा

डोंबिवलीत शांतता मागणारा माणूस आणि सकाळच्या लोकलमध्ये खिडकी मागणारा माणूस, दोघांकडेही लोक सारख्याच दयेने बघतात. नोकरीच्या तीस वर्षांत मी या दोन्ही मागण्या सोडून दिल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मात्र मला अचानक शांतता हवीशी झाली. तीही साधीसुधी नव्हे, रेकॉर्डिंगला लागते तसली.

कारण एक कॅसेट. 1983च्या श्रावणात आमच्याकडे धाकट्या बहिणीची मंगळागौर जागवली, तेव्हा आईने म्हटलेली गाणी बाबांनी टेप केली होती. पेटी नाही, तबला नाही, नुसता आईचा आवाज, मागे फुगड्यांचा धुमाकूळ आणि मधूनच बाबांचं, "हळू, हळू, टेप चालू आहे!" आज दोघंही नाहीत. आईचा आवाज म्हणून घरात एवढंच शिल्लक. फीत झडायच्या आत ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी, म्हणून मुलीने मला ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची पेटी आणून दिली. दिसायला मिसळणाच्या डब्याएवढी. एका बाजूने आवाज घालायचा, दुसऱ्या बाजूने तो आकडे होऊन कॉम्प्युटरमध्ये जातो. मी जुना कॅसेट डेक अॅम्प्लिफायरला जोडला, अॅम्प्लिफायर पेटीला जोडला, हेडफोन चढवले, आणि आईच्या आधी भुंगा ऐकू आला. घुम्म्म्!

भुंग्यापेक्षा वाईट पुढेच होतं. कल्याणहून आत्या आली होती. तिला मोठ्या हौसेने हेडफोन लावले. अर्ध्या मिनिटात तिने ते काढले. "गाणी आपलीच आहेत रे. पण ही बाई कोण? वहिनीचा आवाज असा किनरा नव्हता."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईचा आवाज कसा होता, हे मलाही नक्की आठवेना. सगळा दोष मी भुंग्यावर टाकला आणि त्याच्या मागे लागलो.

आमच्या इमारतीत पाण्याची टंचाई असते, सल्ल्याची नाही. पहिल्या मजल्याने लोकलच्या तारांना दोष दिला. वास्तविक रेल्वे आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. पण डोंबिवलीत कसलंही खापर लोकलवर फोडायची वहिवाट आहे. दुसऱ्या मजल्याने ‘डॉल्बी लावा’ असं सुचवलं.

दुरुस्ती जमली नाही की निवृत्त माणूस इतिहास वाचतो. मीही वाचला. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबर 1902 मध्ये त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या जोरानेच सुई हलायची आणि मेणावर रेघ ओढायची. या सगळ्यात वीज कुठेच नाही, म्हणून त्या तबकड्यांत खरखर आहे, भुंगा नाही. 1925 साली मायक्रोफोनवरून, विजेच्या मदतीने तबकड्या निघू लागल्या. त्याच वर्षी 3 फेब्रुवारीला आपल्याकडे व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. म्हणजे वीज लोकलमध्ये आणि गाण्यात एकाच वर्षी शिरली, आणि तेव्हापासून दोन्हीकडे गर्दी आहे.

डॉल्बीची कथा तर फारच करुण. रे डॉल्बी हे अमेरिकन गृहस्थ 1963 ते 1965 संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून लंडनला जाऊन त्यांनी 1965 साली कंपनी काढली, ती टेपवरची खसखस कमी करण्यासाठी. ज्याने आवाजातला गोंगाट कमी करण्यासाठी खटपट केली, त्याचंच नाव आपण मिरवणुकीतल्या कानठळ्या बसवणाऱ्या भिंतीला दिलं! आणि कॅसेटवरची त्यांची विद्या चालते ती खसखशीवर. भुंग्यापुढे तिचं काही चालत नाही.

शेवटी तळमजल्यावरचे पेटीचे मास्तर आले. त्यांनी हेडफोन लावले आणि डोळे मिटले.

"एक नाही, दोन भुंगे आहेत," मास्तर म्हणाले. "न जुळलेल्या तंबोऱ्यासारखे भांडताहेत. लाटा ऐका, लाटा!"

मग मास्तरांनी सांगितलं ते शहाणपण मी आता सगळ्यांना फुकट वाटतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला. थोडी करकर गेली. मोबाइल स्वयंपाकघरात नेला. लॅपटॉपच्या चार्जरची पिन उपसली, आणि लाटा थांबल्या! लॅपटॉपचं अर्थिंग एका भिंतीत, अॅम्प्लिफायरचं दुसऱ्या भिंतीत, आणि मधल्या वायरने दोघांचं जोडलेलं. त्या वळशातून वीज प्रदक्षिणा घालत होती. दोन्ही पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचल्या आणि एक भुंगा मेला.

मास्तर म्हणाले, "गेला तो आपल्या विजेचा. तिचे सेकंदाला पन्नास हेलकावे, भुंगा घुमतो दुपटीवर, शंभरावर. धड पांढरी एकचा पंचम नाही, धड काळी एकचा नाही. अगदी सरकारी स्वर! पण हा दुसरा थोडा चढा आहे. हा कुठला, मला कळत नाही."

दुसऱ्याचा शोध मुलीने एका वाक्यात लावला. "बाबा, कॅसेट थांबवून ऐकलंत का?"

महिनाभर मी घरातलं सगळं बंद करून पाहिलं होतं, फक्त कॅसेट सोडून. बटण दाबलं. शांतता! भुंगा आमच्या घरातला नव्हताच. म्हणजे होता आमच्याच घरातला, पण 1983 सालचा. तो फितीवरच होता.

मुलीने कॉम्प्युटरवर त्याचं माप काढलं: एकशे सहा. "शंभर हवा ना? मग टेप शंभराला सहा इतकी जोरात पळते आहे."

तेव्हाचा टेपरेकॉर्डर हळू चालला असेल किंवा आजचा डेक घाई करत असेल. काहीही असो, सहा टक्के म्हणजे जवळजवळ एक पट्टी. आई पांढरी पाचमध्ये गायली असेल, तर आम्ही तिला काळी चारमध्ये ऐकत होतो. किनरी होणार नाही तर काय? 1925 आधीच्या तबकड्यांच्या वेगाबद्दल संग्राहक अजून भांडतात ते यासाठीच. त्या कुठे कमी वेगाने, कुठे जास्त वेगाने मुद्रित झालेल्या, आणि गाणाऱ्याची खरी पट्टी सांगायला भुंगा नाही.

आमच्याकडे मात्र होता, आणि तो का होता हेही मला आठवलं. बाबांच्या टेपरेकॉर्डरला सहा मोठे सेल लागत. सेलवर टेप केलं असतं, तर हा विजेचा भुंगा आलाच नसता. पण "सेल काय झाडाला लागतात?" म्हणून बाबांनी तो विजेवर लावला. घरच्या काटकसरीने आईच्या आवाजाशेजारी मोजपट्टी ठेवून दिली होती. 1983 साली वीजही पन्नासवर फार एकनिष्ठ नसे, थोडी इकडेतिकडे व्हायची; पण तेवढा घसा तर आईचाही श्रावणात बसायचा.

मुलीने वेग कमी केला. मी कल्याणहून आत्याला पुन्हा आणलं.

या वेळी तिने हेडफोन काढले नाहीत. बराच वेळ काही बोललीही नाही. मग हेडफोनवाले बोलतात तशी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "वहिनी दुसरं कडवं नेहमी विसरायची! बघ, आता विसरेल!"

आणि आई विसरली.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "आता हा भुंगा पुसून टाकू? एक मिनिटाचं काम आहे."

म्हटलं, "एक प्रत पुसून ठेव. दुसरीत असू दे. तुझ्या आजोबांचे सहा सेल आहेत त्यात."