मागावरची तेलुगू

सोलापूरच्या पूर्वभागात ‘कोंडा’ हे आडनाव ऐकले की नवख्या मराठी माणसाला हसू येते. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आपल्याला ठाऊक. पण माणूसच कोंडा? तेलुगूत मात्र कोंडा म्हणजे डोंगर! तसेच ‘चिलका’ म्हणजे पोपट आणि ‘गुर्रम’ म्हणजे घोडा. ही नावे पद्मशालींची, म्हणजे तेलंगणातून आलेल्या विणकरांची.

तेलंगण तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि सोलापूर इंग्रजी अमलात. १८६० साली आगगाडी सोलापुरास पोचली. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग झाला. १८७६ ते १८७८ दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. आणि १८७७ मध्ये सोलापुरात कापडगिरणी निघाली. वाट, भूक आणि काम अशी एकत्र जुळल्यावर विणकर कुटुंबे इकडे वळली, यात नवल ते काय?

त्यांनी बरोबर आणली ती तेलंगणी बोली, उर्दू शब्द सहज मुरलेली. पुढे प्रमाण तेलुगू घडली ती कृष्णा-गोदावरीकाठच्या शिष्टांच्या भाषेवर. १९५६ साली आंध्र प्रदेश झाल्यावर पाठ्यपुस्तके त्याच वळणाने गेली आणि तेलंगणी बोलणे चित्रपटांत पुष्कळदा थट्टेपुरते उरले. सोलापूरकर मात्र त्या राज्याच्या सीमेबाहेर. पुष्कळ मुले मराठी शाळांत जाऊ लागली. घरच्या बोलीत मराठी शब्द शिरले.

मग ही बोली टिकली कशी? मला वाटते, घरातल्या धंद्यामुळे. माग घरात, आणि मागाचे सारे शब्द तेलुगू. माग हा ‘मग्गम’, धोटा ‘नाडे’, आपला ताणा-बाणा तो ‘पडुगु-पेका’. बाप विणीत असे, आई कांड्या भरी, मूल तेथेच खेळे. विणणे आणि बोलणे ते एकदमच शिके. विडीकामाचेही तेच. पाने कारखान्यातून आणायची आणि विड्या घरी वळायच्या. बायकांचे हात पानांवर चालत आणि गप्पा तेलुगूत. नवरात्राच्या सुमारास फुले रचून ‘बतुकम्मा’भोवती फेर धरला जातो. आपल्या भोंडल्याची ती मावसबहीणच. तिथली गाणीही तेलुगू.

आता जुन्या गिरण्या बंद पडल्या आहेत आणि घरचे हातमाग विरळ झाले आहेत. नातवंडे नोकरीसाठी पुण्याला जातात. माझ्या पाहण्यातल्या कित्येक घरांत आजी तेलुगूत विचारते आणि नातू मराठीत उत्तर देतो. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, बतुकम्मा तिथला राज्योत्सव ठरला आणि थट्टेच्या बोलीला मान मिळाला. पण त्या मानाची सावली सोलापूरच्या आजीवर कशी पडावी? ती तर महाराष्ट्राची रहिवासी.

तंजावरात शतकानुशतके जपलेल्या मराठीचे आपण कौतुक करतो; ते रास्तच आहे. पण मग आपल्या आळीतल्या या परमुलखी बोलीचेही आपण थोडे देणे लागतो. दिवाळीच्या पाहुण्यांसाठी सोलापुरी चादर अंथराल, तेव्हा मुलांना सांगावे की ती विणणाऱ्या कित्येक घरांत धोट्याला ‘नाडे’ म्हणत. आणि शेजारी अशी एखादी आजी असेल, तर फराळाचे ताट घेऊन जावे, मागाच्या एकेका भागाचे नाव विचारावे, आणि ते वहीत उतरून घ्यावे.