पाहुण्याचा शेरा, यजमानाची कैफियत

सोलापुराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा मार्ग आणि बार्शीहून लातुराकडे जाणारा मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, जेथून थोड्याच अंतरावर रामलिंगाची दरी लागते आणि ज्याच्या शिवारातून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ घाट चढून येत असे, ते येडशी गाव स्वतःच्या वैभवासाठी नव्हे, तर दुसरीकडे जावयाच्या माणसाने वाटेत टेकावयाचे ठिकाण म्हणून नांदत आले. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी जटायू येथेच झुंजला आणि त्या मरणोन्मुख पक्ष्याच्या मुखात पाणी घालण्यासाठी रामाने बाण मारून झरा काढला, अशी रामलिंगाची आख्यायिका आहे. म्हणजे या स्थानाच्या पुराणातसुद्धा जे आतिथ्य आहे ते पाण्याचे आहे. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झालेली ती छोटी गाडी 1911 पर्यंत निजामाच्या हद्दीतील लातुरास पोचली. जिल्ह्याचे ठाणे धाराशिव मात्र रुळापासून दूरच राहिले, आणि तेथल्या कचेरीत काम असलेला पक्षकार येडशीस उतरून पुढची वाट धरी. अशा गावाचा इतिहास लिहू जाणाऱ्यास एक अडचण लवकरच जाणवते. उतरणाऱ्यांनी लिहून ठेवलेले पुष्कळ सापडते. उतरवून घेणाऱ्यांनी लिहिलेले जवळजवळ काहीच नाही.

निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख काही वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला, तेव्हा त्याचा कारभार पाहावयास मेडोज टेलर आला. रयतेविषयी ममत्वाने लिहिणारा असा अंमलदार विरळा. तुळजापूरच्या परिसरावर त्याने ‘तारा’ ही कादंबरी रचली आणि त्याच्या मृत्यूनंतर, 1877 साली, त्याचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. परंतु अंमलदाराचा तंबू ज्या गावी पडे त्या गावाने दूध, सरपण, वैरण आणि कोंबड्या यांची रसद पुरवावी, हा त्या काळचा शिरस्ता होता, आणि ती पुरविणाऱ्या पाटील-कुळकर्ण्यांच्या, येसकराच्या, महाराच्या बाजूची बखर कोणी लिहिली नाही. साहेबाचे दौऱ्यातील टिपण मात्र दप्तरात गेले.

या विषमतेला रीतसर रूप आले ते डाकबंगल्याच्या वहीत. ब्रिटिश अमलाखालील हमरस्त्यांवर टप्प्याटप्प्याने बांधलेल्या त्या बंगल्यांत एक खानसामा, एक चौकीदार, भिंतीवर दरपत्रक आणि मेजावर एक वही असे. तीत मुसाफिराने आपले नाव, येण्याजाण्याची वेळ, दिलेली रक्कम आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहावयाचा. कोंबडी चिवट होती, आंघोळीचे पाणी गार होते, खानसामा उद्धट होता, असे शेरे इंग्रजीत पडत, आणि ज्याच्याविषयी ते पडत त्याला बहुधा ते वाचताही येत नसत. रात्री दहा वाजता अवचित उगवलेल्या साहेबासाठी त्याने अंगणातली कोंबडी धरून, कापून, तासाभरात वाढली असली, तरी तिच्या चिवटपणाचे कारण त्या वहीत नमूद व्हावयाला रकानाच नव्हता! किपलिंगने 1888 च्या सुमारास लिहिलेल्या एका भुताच्या गोष्टीत अशाच एका बंगल्याचे वर्णन आहे. तेथील वहीतली शेवटची नोंद पंधरा महिन्यांपूर्वीची. मला त्या भुतापेक्षा पंधरा महिने गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्या नोकराचे अधिक कुतूहल वाटते.

कायद्याचा कलही त्याच बाजूला होता. 1867 च्या सराई कायद्याने सराई चालविणाऱ्याची नोंद दंडाधिकाऱ्यापुढे व्हावी असे ठरविले, आणि चालचलणुकीचा दाखला न आणणाऱ्याची नोंद नाकारण्याची मुभा त्या अधिकाऱ्यास दिली. उतरणाऱ्याकडून तसला दाखला कोणी मागितला नाही. अर्थात यात्रेकरूंना लुबाडणारे सराईवाले होतेच, आणि कायदा काही हवेतून उतरला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरी डाकबंगल्याच्या वहीत एक गुण होता, आणि तो आज आपण विसरलो आहोत. ती वही वाचणारा अधिकारी त्याच मुलखात फिरणारा असे. वैशाखात विहीर तळाला जाते हे त्याला ठाऊक असे, अमुक साहेब सर्वत्रच तक्रार लिहीत आला आहे हेही त्याच्या ध्यानात येई. खानसाम्याची कैफियत कागदावर नसली तरी ती तोंडी ऐकावयाला समोर एक कान असे. तो कान नेहमीच न्यायी होता असे नव्हे; पण तो होता.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट असलेली दुसरी वही शतकानुशतके चालत आली. तुळजापुरास भवानीच्या दर्शनाला जाणारे कुटुंब आपल्या पिढीजात पुजाऱ्याच्या घरी उतरे; तेथे त्याचे जेवण, स्नान, निद्रा होई आणि पुजाऱ्याच्या चोपडीत त्याचे गाव, कूळ आणि सोबतीची माणसे यांची नोंद होई. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत तर यात्रेकरू स्वहस्ते लिहून देत की अमुक हेच आमच्या घराण्याचे उपाध्याय. येथे वही पाहुणचार करणाऱ्याच्या ताब्यात, आणि पाहुण्याचे अक्षर म्हणजे पुढल्या पिढ्यांवर पडलेले बंधन. आजोबांनी जेथे सही केली तेथे नातवाने उतरावयाचे, मग वाढलेली आमटी कशीही असो! या व्यवस्थेत ओलावा पुष्कळ होता, पण नाराज भक्ताला दाद मागण्याची जागा नव्हती. साचत गेलेल्या अशा असंतोषाचे काय होते ते पंढरपुरात दिसले. बडवे-उत्पात या पुजाऱ्यांविषयीच्या गाऱ्हाण्यांचा शोध नाडकर्णी आयोगाने घेतला, 1973 चा कायदा झाला, आणि 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वंशपरंपरागत हक्कांचा प्रश्न मिटला. तेव्हा वही केवळ यजमानाच्या हाती ठेवणे हाही काही इनसाफ नव्हे.

आता तिसरी वही आली आहे आणि ती खिशात मावते. घरातली एक खोली, शेतातले एक घर, दोन रात्रींसाठी परक्या माणसास देण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने आणि 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाने प्रतिष्ठा पावला. त्याला जगाची बाजारपेठ दिली ती 2008 साली स्थापन झालेल्या एअरबीएनबीसारख्या कंपन्यांनी. पाचांपैकी किती तारे, यावर आता घरधन्याची मिळकत टांगलेली असते. शेरा वाचणारा मनुष्य दूरचा असतो, त्याने तो मुलूख पाहिलेला नसतो, आणि शेऱ्याला फेरतपासणी अशी नसते.

धाराशिव जिल्ह्यात अशा शेऱ्यांतील अन्यायाचा सर्वांत सुलभ विषय पाणीच होय. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास पिण्याचे पाणी घेऊन आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. सुमारे 342 किलोमीटरचा तो प्रवास पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा करीत ती गाडी येडशीवरूनच पुढे गेली, त्या जुन्या बार्शी लाइटच्या रुंद झालेल्या मार्गाने. ज्या गावाने ती गाडी जाताना पाहिली, तेथला घरधनी पाहुण्यापुढे आंघोळीची एकच बादली ठेवतो, तेव्हा ती कंजुषी नसते. पुण्याहून आलेला पाहुणा मात्र ‘पाणी अपुरे’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो, आणि ते खोटेही नसतात. खोट्या शेऱ्याचे खंडन करता येते. खऱ्या पण अर्ध्या शेऱ्याचे काय करावे, ही या धंद्यातली खरी पीडा आहे.

कंपन्यांना हे उमगले नाही असे नाही. पूर्वी यजमान आणि पाहुणा एकमेकांचे लेखन आधी पाहू शकत, त्यामुळे सूडाच्या भयाने दोघेही गोडच लिहीत. 2014 साली एअरबीएनबीने असा शिरस्ता घातला की दोघांचे शेरे लिहून होईपर्यंत, किंवा चौदा दिवस उलटेपर्यंत, कोणाचाच उघड करावयाचा नाही. शिवाय शेऱ्याखाली यजमानास उत्तर लिहिता येते. डाकबंगल्याच्या वहीत नसलेला रकाना तो हाच. भारतीय मानक ब्यूरोनेही 2022 साली अशा अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक जाहीर केले. ते ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टींचे आपल्याकडे जे होते ते होईलच. उत्तराच्या रकान्यात मात्र बहुतेक यजमान एक तर क्षमा मागतात किंवा भांडतात. महिना कोणता, विहीर किती खोल, टँकर कितव्या दिवशी येतो, एवढे तीन ओळींत नमूद करणारा विरळा. वास्तविक जुन्या दप्तरातली कैफियत अशाच तपशिलावर टिके.

येडशीच्या यजमानांपुढे नवा पेचही उभा राहण्याचा संभव आहे. रामलिंग घाटाचे सुमारे बावीस चौरस किलोमीटरांचे अभयारण्य 1997 पासून आहे. त्यात 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. ताडोब्याच्या आसपास निवास चालविणाऱ्यांना विचारा: खोली स्वच्छ, जेवण उत्तम, आणि तरीही तारे कापलेले, कारण वाघ दिसला नाही. रामलिंगाच्या वानरांनी पिशवी पळविली, ही तक्रार तर त्याआधीच येईल.