मेट्रो स्थानकाजवळची पुनर्बांधणी : आपले म्हणणे कुठे व कसे नोंदवावे

इंदूर मेट्रोचा सुपर कॉरिडॉरवरचा पहिला, सुमारे ६ किलोमीटरचा आणि ५ स्थानकांचा भाग ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. तिथे मोकळी जागा भरपूर होती. मात्र सुमारे ३१ किलोमीटरचा हा वर्तुळाकार मार्ग जुन्या, दाट वस्तीच्या शहरातही येणार आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे या जुन्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यातली कित्येक भाड्याच्या घरांत. “आम्हाला कोण विचारणार?” असा प्रश्न मंडळात वारंवार येतो, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

परिणाम किती अंतरापर्यंत?

रूळ आपल्या घराखालून जात नसले तरी विषय आपला असू शकतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणानुसार स्थानकाभोवतीचा ५०० ते ८०० मीटरचा, म्हणजे दहा-बारा मिनिटे चालण्याच्या अंतराचा परिसर ‘प्रभावक्षेत्र’ मानला जातो. तिथे जास्त उंच बांधकाम आणि घरे-दुकाने एकत्र असलेली वस्ती यांना प्रोत्साहन देण्याचा विचार आहे. त्यामुळे जागेचे भाव वाढतात आणि जुने वाडे पाडून नवे बांधण्याचे प्रस्ताव येतात.

म्हणणे मांडण्याच्या जागा

१. विकास आराखडा : मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी ३० दिवस मिळतात. मालक असो वा नसो, कोणीही लेखी म्हणणे देऊ शकतो.

२. भूसंपादन : २०१३ च्या कायद्याखाली जमीन घेतली जात असेल, तर सामाजिक परिणामांच्या अभ्यासात बाधित भागात जनसुनवाई घ्यावी लागते. प्राथमिक अधिसूचनेनंतर हितसंबंधितांना ६० दिवसांत कलेक्टरांकडे लेखी हरकत देता येते व प्रत्यक्ष सुनावणीही मिळते.

३. फेरीवाले : २०१४ च्या कायद्यानुसार नगर विक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले असावे लागतात. आपल्यापैकी कोणाची हातगाडी वा पाटी असेल, तर त्या प्रतिनिधींना गाठावे.

४. खासगी करार : मालक आणि बिल्डर यांच्यात परस्पर करार होत असेल, तर वरीलपैकी कोणतीही सुनावणी आपोआप होत नाही. इथे सही करण्यापूर्वीची बोलणी हीच सुनावणी. पर्यायी घर कुठे, किती काळ, भाडे कोण देणार, परत आल्यावर किती जागा, हे सारे लेखी घ्यावे व वकिलाला दाखवावे.

भाडेकरूंनी हे अवश्य वाचावे

“घर आपल्या नावावर नाही, मग आपण काय बोलणार?” असे म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. पण २०१३ च्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शहरी जमिनीवर संपादनापूर्वी तीन किंवा अधिक वर्षे राहत असलेले कुटुंबही येते. म्हणजे तीन वर्षांचे वास्तव्य दाखवता येणे महत्त्वाचे. भाड्याच्या पावत्या, विजेची बिले, मतदार यादीतील नोंद, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेच्या पासबुकावरचा पत्ता, जे असेल ते आजच एका फाइलमध्ये लावावे. नोटीस आल्यावर शोधाशोध करण्यात मुदत निघून जाते.

गल्लीतली माहिती कशी गोळा करावी?

संध्याकाळी एकच बैठक घेतली, तर दोन-चार मालक बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मालकासमोर भाडेकरू मोकळेपणाने बोलत नाही, आणि माडीवरच्या आजी तर बैठकीला येतच नाहीत. म्हणून दुपारच्या वेळी घरोघर जावे, शक्यतो दोघांनी, त्यात एक बाई असावी. प्रत्येक घरी हे विचारावे : किती माणसे, किती वर्षांपासून, मालक की भाडेकरू, घरातून काही व्यवसाय चालतो का, जिना चढू न शकणारे कोणी आहे का, आणि दुसरीकडे जावे लागले तर कशाची सर्वांत जास्त अडचण होईल.

अर्ज लिहिताना

कार्यालयाचे काम हिंदीत चालते, त्यामुळे अर्ज हिंदीत द्यावा. आजी मराठीत जे सांगतील ते हिंदीत उतरवून, सहीपूर्वी त्यांना मराठीत समजावून वाचून दाखवावे. “आमचा विरोध आहे” एवढेच लिहू नये. घर क्रमांक, नेमकी अडचण आणि आपली मागणी लिहावी. साऱ्या गल्लीचा सह्यांचा अर्ज द्यावाच, पण ज्याची अडचण वेगळी आहे त्याने स्वतंत्र अर्जही द्यावा. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नये. तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही.

मंडळात आम्ही गल्लीनिहाय एक वही ठेवत आहोत. कोणतीही नोटीस वा जाहिरात दिसल्यास तिचा तारखेसह फोटो आणून द्यावा. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांचा अर्ज आम्ही लिहून देऊ. घरी बोलावले तर घरी येऊ.