नारूचं कूळ, माशाचं पोट

बालाघाटाच्या कुशीतल्या बीडला समुद्र नाही. तरी मराठवाड्यातल्या पायऱ्यांच्या विहिरींवर, म्हणजे बारवांवर, पिढ्यान्‌पिढ्या जे दुखणं पोसलं गेलं, त्याचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती माशाच्या आतड्यात. ते दुखणं म्हणजे नारू, माणसाच्या कातडीखाली येणारा दोऱ्यासारखा कृमी.

माशांच्या आतड्यात कॅमॅलॅनस नावाचे लालसर गोल कृमी राहतात. शिंपल्यासारख्या दोन जबड्यांनी ते आतड्याच्या अस्तराला घट्ट धरून रक्त शोषतात. मादी अंडी न घालता जिवंत अळ्या सोडते. त्या माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात येतात. तिथले सूक्ष्म कवचधारी जीव त्यांना गिळतात, आणि मासे त्या जिवांना. रुडॉल्फ लॉयकार्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८६०च्या दशकात गोड्या पाण्यातल्या माशाच्या अशाच एका कृमीचा प्रवास मांडला. त्याच्या अळ्या सायक्लॉप्समध्ये वाढतात, हे त्यानं दाखवलं. सायक्लॉप्स म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, एकाक्ष कवचधारी पाणजीव.

लॉयकार्टला वाटलं, नारूचंही असंच असेल. अलेक्सेई फेदचेन्को हा तरुण रशियन निसर्गअभ्यासक तेव्हा तुर्कस्तानच्या मोहिमेवर होता. समरकंदमध्ये त्यानं ते तपासलं आणि नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढतात, हे १८७० साली प्रसिद्ध केलं. तीनच वर्षांनी तो आल्प्सच्या हिमनदीवर मरण पावला. त्याच्या शोधावर बरीच वर्षं शंका घेतली गेली. पुढे रॉबर्ट लीपरनं माकडाला असे सायक्लॉप्स खाऊ घातले आणि काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारू सापडले. माणसावरचा पुरावा मुंबईतून आला. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी १९१०च्या दशकात स्वयंसेवकांना असे सायक्लॉप्स पाजले आणि त्यांना नारू झाला.

एवढं कळल्यावर बारवेचं गणित उलगडलं. पाणी खोल, म्हणून पायऱ्या. पायऱ्या आहेत, म्हणून माणूस थेट पाण्यात उतरून घागर बुडवणार. नारूची मादी पायाच्या कातडीखाली येते तेव्हा फोड उठतो आणि आग आग होते. पाय गार पाण्यात घातला की बरं वाटतं, पण त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्सच्या पोटात साधारण दोन आठवड्यांत त्या तयार होतात. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की सायक्लॉप्सही दाटीनं राहतात, आणि तेच पाणी घागरीतून घरी जातं. वर्षभरानं पुन्हा फोड. हातभर लांब, कधी त्याहूनही मोठा तो दोरा रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून सडायचा आणि माणूस ऐन पेरणीच्या तोंडावर अंथरुणाला खिळायचा. त्यावर औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही.

इलाज एवढाच, की माणसाचा पाय, पाणी आणि सायक्लॉप्स यांची साखळी कुठेतरी तोडायची. मैसूर संस्थानातल्या चित्रदुर्गात डॉ. मूर्ती यांनी १९३०च्या दशकात विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. इथे मासा कृमीचं घर राहिला नाही, राखणदार झाला.

मराठवाड्यात मोठा बदल घडवला तो १९७२च्या दुष्काळानं. गावोगाव बोअर पडले. त्यांवर टिकाऊ हापसे हवे होते. जालना आणि सोलापूर भागात मिशनऱ्यांच्या हाताखाली घडलेल्या पंपांतूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हापसा तयार झाला. हापश्याच्या पाण्यात कुणाचा पाय बुडत नाही. देशव्यापी नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण होते. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे बांधले गेले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं गेलं आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायला शिकवलं गेलं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला नारूमुक्त म्हणून प्रमाणित केलं.

जगातून मात्र तो अजून पूर्ण गेलेला नाही. आफ्रिकेतल्या चाडमध्ये दशकभर एकही रुग्ण नव्हता. २०१० मध्ये तो पुन्हा दिसला आणि २०१२ पासून कुत्र्यांतही आढळू लागला. कुत्रे नदीकाठी टाकलेली माशांची आतडी खातात आणि त्यातूनच अळ्या त्यांच्यात जात असाव्यात, असं अभ्यासक मानतात. म्हणून तिथल्या गावांत आता माशांची आतडी पुरून टाका आणि मासे नीट शिजवून खा, असं सांगितलं जातं. बारवा बंद करून आपल्याकडे नारू संपला, पण तिथे विहीर राखून भागत नाही, माशाचा उकिरडाही राखावा लागतो.