ईम (डर्बीशायर)

ईम हे इंग्लंडमधील डर्बीशायर काउंटीतील एक छोटे गाव आणि नागरी पॅरिश आहे. शेफील्ड शहराच्या नैर्ऋत्येस, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ते वसलेले आहे. इ.स. २०११ च्या जनगणनेत आसपासच्या वाड्यांसह येथील लोकसंख्या ९६९ होती. इ.स. १६६५-६६ मध्ये गावात प्लेगची साथ पसरली असता रोग बाहेर जाऊ नये म्हणून ग्रामस्थांनी स्वतःवर गावबंदी लादून घेतली. या घटनेमुळे हे गाव जगभर ओळखले जाते. गावचे चर्च, त्याच्या नोंदवह्या आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये होणारी स्मरणप्रार्थना यांभोवती येथील सामुदायिक जीवन आजही गुंफलेले आहे.

नाव आणि भूगोल

इंग्रजी अक्षरांवरून गावाच्या नावाचा उच्चार सहजी लक्षात येत नाही. स्थानिक लोक ते ‘ईम’ असे उच्चारतात. हे नाव जुन्या इंग्रजीतील बेटाचा अर्थ असलेल्या शब्दावरून आले असावे. गावाला समुद्र किंवा मोठी नदी नाही. त्यामुळे माळरानाने वेढलेला लागवडीयोग्य जमिनीचा तुकडा किंवा दोन ओढ्यांमधील वस्ती, असा या नावाचा अर्थ लावला जातो. इ.स. १०८६ च्या डूम्सडे बुकात गावाची नोंद आढळते.

गावाच्या उत्तरेस उंच माळ असून दक्षिणेकडे चुनखडीच्या खडकातील घळी आहेत. शेजारचे स्टोनी मिडलटन हे गाव चालत जाण्याइतके जवळ आहे. या डोंगराळ भागात शिशाच्या खाणी प्राचीन काळापासून होत्या आणि शेतीबरोबरच खाणकाम हे ग्रामस्थांच्या उपजीविकेचे साधन होते. पुढे रेशीम व सुती कापडाचे विणकाम आणि पादत्राणांचे कारखाने यांनी गावाला रोजगार दिला. हे उद्योग आता थांबले आहेत. सध्या पर्यटन महत्त्वाचे असून अनेक रहिवासी कामासाठी जवळच्या शहरांत जातात.

पॅरिश आणि गावचा कारभार

इंग्लंडच्या ग्रामीण जीवनात ‘पॅरिश’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. चर्चची पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील परिसर. नागरी पॅरिश हा स्थानिक प्रशासनाचा सर्वांत खालचा स्तर असून तिची परिषद ढोबळमानाने आपल्याकडील ग्रामपंचायतीसारखी असते. इ.स. १८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने हे दोन कारभार वेगळे केले. त्यापूर्वी रस्त्यांची डागडुजी आणि गरिबांना मदत यांसारखी अनेक कामे चर्चच्या पॅरिशमार्फतच होत.

इंग्लंडमधील पॅरिशांना बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे इ.स. १५३८ पासून बंधनकारक झाले. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी तेथे इ.स. १८३७ मध्ये सुरू झाली. त्यामुळे मधल्या तीन शतकांतील सामान्य माणसांची माहिती मुख्यतः या नोंदवह्यांतूनच मिळते. ईममधील साथीत कोण कधी मरण पावले, हे नावानिशी सांगता येते तेही याच व्यवस्थेमुळे.

सेंट लॉरेन्स चर्च

गावचे सेंट लॉरेन्स चर्च चर्च ऑफ इंग्लंड या पंथाचे असून डर्बीच्या धर्मप्रांतात येते. सध्याच्या इमारतीचे भाग वेगवेगळ्या शतकांतील आहेत आणि एकोणिसाव्या शतकात तिचा मोठा जीर्णोद्धार झाला. चर्चच्या आवारात सुमारे आठव्या शतकातील एक कोरीव अँग्लो-सॅक्सन दगडी क्रूस उभा आहे. त्याच्या खांबाचा वरचा काही भाग नष्ट झाला असला तरी आडवी शीर्षशिळा शाबूत आहे. चर्चच्या भिंतीवर इ.स. १७७५ मधील एक गुंतागुंतीचे सूर्यघड्याळ आहे.

खाणीतून निघणाऱ्या शिशाच्या खनिजावर रेक्टरला, म्हणजे मुख्य धर्मगुरूला, ठरावीक हक्क मिळत असे. अठराव्या शतकात खाणी भरभराटीला आल्या तेव्हा या छोट्या गावचे रेक्टरपद चांगल्या उत्पन्नाचे मानले जाऊ लागले. त्या काळातील रेक्टर थॉमस स्युअर्ड यांची कन्या, कवयित्री ॲना स्युअर्ड, हिचा जन्म इ.स. १७४२ मध्ये ईम येथे झाला.

प्लेगची साथ (१६६५-६६)

आरंभ

इ.स. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या वृत्तांतानुसार, त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ईममधील शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड याच्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट असल्याने त्याचा साहाय्यक जॉर्ज व्हिकर्स याने ते वाळत घातले. थोड्याच दिवसांत तो आजारी पडून मरण पावला आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाले. कापडातून आलेल्या पिसवांमुळे रोग पसरला, असे स्पष्टीकरण आज दिले जाते. मात्र त्या काळी प्लेगचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. प्लेगचा जिवाणू इ.स. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला. पिसवांची भूमिका इ.स. १८९८ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची येथे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिली.

शरद ऋतूत मृत्यू वाढत गेले, हिवाळ्यात साथीचा जोर ओसरला आणि इ.स. १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली. दरम्यान काही संपन्न कुटुंबे गाव सोडून गेली.

दोन धर्मगुरू

त्या वेळचे रेक्टर विल्यम मॉम्पेसन हे तरुण असून इ.स. १६६४ मध्येच गावात आले होते. गावकऱ्यांचा खरा विश्वास होता तो त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांच्यावर. स्टॅनली प्युरिटन विचारांचे होते. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर इ.स. १६६२ मध्ये प्रार्थनेच्या एकरूपतेचा कायदा झाला. तो मान्य न केल्याने स्टॅनली यांना धर्मकार्य सोडावे लागले होते. अशा प्रकारे एकाच गावात अधिकार एकाकडे आणि लोकांचा विश्वास दुसऱ्याकडे, अशी स्थिती होती. संकटाच्या वेळी मात्र हे दोघे धर्ममतभेद बाजूला ठेवून एकत्र आले. दोघांनी मिळून सांगितले म्हणूनच लोकांनी पुढील कठोर निर्णय स्वीकारले, असे मानले जाते.

गावबंदी

जून १६६६ मध्ये तीन गोष्टी ठरवण्यात आल्या. पहिली, प्रत्येक कुटुंबाने आपल्या मृतांचे दफन स्वतःच, घराजवळच्या शेतात किंवा बागेत करावे. दुसरी, बंदिस्त चर्चमध्ये न जमता ककलेट डेल्फ नावाच्या जवळच्या घळीत उघड्यावर प्रार्थना व्हावी, म्हणजे कुटुंबांना एकमेकांपासून अंतर राखून उभे राहता येईल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गावाच्या ठरवलेल्या हद्दीबाहेर कोणीही जाऊ नये आणि बाहेरच्या कोणी आत येऊ नये.

गावाला अन्न आणि औषधे यांचा पुरवठा बाहेरून होत असे. चॅट्सवर्थ येथे राहणाऱ्या डेव्हनशायरच्या अर्लने यात मोठी मदत केली. शेजारच्या गावांतील लोक हद्दीवरील ठरावीक ठिकाणी सामान ठेवून निघून जात. ईमचे लोक त्याचे पैसे वाहत्या पाण्यात किंवा दगडातील व्हिनेगर भरलेल्या खळग्यांत ठेवत. गावाच्या उत्तरेकडील मॉम्पेसनचा झरा आणि स्टोनी मिडलटनच्या वाटेवरील भोके पाडलेला हद्दीचा दगड आजही पाहता येतात.

मनुष्यहानी

ऑगस्ट १६६६ हा सर्वांत भीषण महिना ठरला. त्या एका महिन्यात पाऊणशेहून अधिक माणसे मरण पावली. गावाच्या पूर्वेस असलेल्या रायली येथील शेतावर एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले गमावली. रोगाच्या भीतीने कोणी मदतीला न आल्यामुळे तिने स्वतःच खड्डे खणून त्यांना पुरले. ती स्वतः वाचली. दगडी कुंपणातील ‘रायली ग्रेव्ह्ज’ या नावाने ही जागा आता जतन केलेली आहे.

मॉम्पेसन यांनी आपल्या दोन लहान मुलांना गावबंदीपूर्वीच बाहेर पाठवले होते. पत्नी कॅथरीन मात्र पतीबरोबर गावातच राहिली. आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असता २५ ऑगस्ट १६६६ रोजी ती मरण पावली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. नोव्हेंबर १६६६ च्या प्रारंभी शेवटच्या मृत्यूची नोंद झाली आणि साथ संपली.

त्याच महिन्यात लिहिलेल्या एका पत्रात मॉम्पेसन यांनी ७६ कुटुंबांत रोग शिरल्याचे आणि २५९ माणसे मृत्युमुखी पडल्याचे कळवले. गावची त्या वेळची लोकसंख्या सुमारे ३५० होती, असे पूर्वी सांगितले जाई. अलीकडील अभ्यासकांच्या मते ती ७०० च्या आसपास असावी. पहिला आकडा धरला तर सुमारे तीन चतुर्थांश आणि दुसरा धरला तर एक तृतीयांशाहून अधिक लोक दगावले, असे दिसते. रोग आसपासच्या गावांत पसरला नाही.

साथीनंतर

स्टॅनली यांचे इ.स. १६७० मध्ये ईम येथेच निधन झाले. मॉम्पेसन यांची काही वर्षांतच नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे नेमणूक झाली. मात्र प्लेगच्या गावातून आलेला माणूस म्हणून तेथील लोक त्यांना घाबरत. त्यामुळे आरंभी त्यांना वस्तीबाहेर झोपडीत राहावे लागले, असे सांगितले जाते. इ.स. १७०९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

इतिहासलेखन आणि मतभेद

ईमची कथा लोकांसमोर आली ती मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत. वैद्य रिचर्ड मीड यांनी प्लेगवरील आपल्या ग्रंथात तिचा उल्लेख केला. स्थानिक लेखक विल्यम वुड यांनी इ.स. १८४२ मध्ये गावचा इतिहास प्रसिद्ध केला. घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेल्या या वृत्तांतात कागदपत्रांबरोबरच मौखिक आठवणी आणि दंतकथाही आहेत. त्यामुळे प्रसिद्ध प्रसंगांपैकी काहींना समकालीन पुरावा मिळत नाही.

गावबंदी कितपत ऐच्छिक होती, यावर मतभेद आहेत. संपन्न लोक आधीच निघून गेले होते. उरलेल्या बहुतेकांकडे दुसरीकडे जाण्याची ऐपत नव्हती आणि साथीच्या काळात शेजारच्या वस्त्या अशा लोकांना थारा देत नसत. रोगाचे स्वरूप ज्ञात नसताना निरोगी माणसांनाही बाधित घरांजवळ अडकवून ठेवल्याने मृत्यू वाढले असावेत, अशी टीका काहींनी केली आहे. याउलट, या निर्णयाने डर्बीशायरमधील अनेक वस्त्या वाचल्या, हे पारंपरिक मत आहे.

चर्चची नोंदवही साथीच्या शास्त्रीय अभ्यासासाठीही उपयोगी ठरली. इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मृत्यूंच्या तारखा आणि घरांची माहिती यांवरून गणिती प्रतिरूप तयार करण्यात आले. त्यानुसार सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसांकडून माणसांना झाला असावा आणि उरलेला कृंतक प्राण्यांकडून. एका घरात रोग शिरला की त्याच घरातील इतरांना धोका सर्वाधिक असे, हेही त्यातून दिसले. केवळ उंदरांमुळेच साथ पसरली, या समजुतीला त्यामुळे छेद गेला.

सामुदायिक जीवन आणि उत्सव

साथीच्या द्विशताब्दीपासून, म्हणजे इ.स. १८६६ पासून, गावात ‘प्लेग संडे’ पाळला जातो. सध्या तो ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी असतो. ग्रामस्थ आणि पाहुणे मिरवणुकीने ककलेट डेल्फकडे जातात आणि १६६६ मध्ये जेथे उघड्यावर उपासना झाली होती तेथेच प्रार्थना करतात.

याच सुमारास गावची पारंपरिक जत्रा आणि पाणवठ्यांची सजावट असते. पाणवठे सजवण्याची ही प्रथा डर्बीशायरमध्ये विशेष रुजलेली आहे. लाकडी चौकटी पाण्यात भिजवून त्यांवर ओल्या मातीचा थर देतात. त्यात फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया आणि शेवाळ एकेक करून बसवतात व एखादे चित्र साकारतात. बहुधा बायबलमधील प्रसंग किंवा स्मरणीय घटना हा चित्राचा विषय असतो. माती वाळली की चित्र टिकत नाही. म्हणून अनेक स्वयंसेवक थोड्या दिवसांत ते मिळून पूर्ण करतात. पुढे धर्मगुरू पाणवठ्याला आशीर्वाद देतात.

चर्चजवळची ‘प्लेग कॉटेजेस’ नावाची घरे आजही राहती असून तेथे मरण पावलेल्यांची नावे सांगणारे फलक बाहेर लावलेले आहेत. चर्चमध्ये मृतांची यादी आणि साथीचे प्रसंग दाखवणारी रंगीत काचेची खिडकी आहे. गावातील जुन्या मेथडिस्ट प्रार्थनास्थळाच्या इमारतीत इ.स. १९९४ मध्ये ईम संग्रहालय सुरू झाले. सतराव्या शतकातील ईम हॉल हा वाडाही प्रेक्षणीय आहे.

साहित्यात आणि प्रसारमाध्यमांत

ईमच्या साथीवर कविता, कादंबऱ्या आणि नाटके लिहिली गेली आहेत. डॉन टेलर यांचे ‘द रोझेस ऑफ ईम’ हे नाटक आणि जेराल्डीन ब्रुक्स यांची ‘इयर ऑफ वंडर्स’ ही इ.स. २००१ मधील कादंबरी विशेष प्रसिद्ध आहेत. इ.स. २०२० मध्ये कोविड-१९ च्या महासाथीत विलगीकरणाची चर्चा सुरू झाली, तेव्हा अनेक देशांतील वृत्तपत्रांनी ईमच्या गावबंदीची आठवण करून दिली.