ठराव मांडणाऱ्या बाया

लाखांदूर तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बाया आज एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट नागपूरची आहे, पण तिचा धागा आपल्या ग्रामपंचायतीच्या खुर्चीपर्यंत येतो.

जाईबाई चौधरी उमरेडच्या, जन्म १८९२ चा. पोटासाठी त्या नागपूर स्टेशनवरून कामठीपर्यंत डोक्यावर सामान वाहायच्या. थोडे लिहिता-वाचता येत होते म्हणून एका मिशनरी बाईंनी त्यांना शाळेत शिकवायला ठेवले. मास्तरीण अस्पृश्य आहे हे कळल्यावर लोकांनी हरकत घेतली आणि नोकरी गेली. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात आपल्या समाजाच्या मुलींसाठी संत चोखामेळा कन्याशाळा काढली.

पुढे १९३७ मध्ये नागपुरात मोठी महिला परिषद भरली. तिथे जाईबाईंना जेवायला वेगळे बसवले. १ जानेवारी १९३८ ला बायांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला. दुसऱ्याच्या मांडवात मान मिळत नसेल, तर आपला मांडव आपणच घालावा लागतो.

तो मांडव पडला २० जुलै १९४२ ला, नागपूरच्या मोहन पार्कात. आपल्याकडे ते रोवणीचे दिवस. तरी या दलित महिला परिषदेला वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला होते, पण अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव बायांनीच मांडले. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा. एक बायको असताना दुसरी करण्यावर बंदी हवी. मुलींसाठी वसतिगृहे हवीत. गिरणीत आणि बिडीच्या कामावर असणाऱ्या बायांना भरपगारी रजा हवी, इजा झाली तर भरपाई हवी. आपल्या भंडारा जिल्ह्यात कितीतरी घरी आई-आजीने मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. ही मागणी त्यांचीच होती.

आणखी एक ठराव होता: कायदेमंडळात आणि लोकांच्या इतर निवडून येणाऱ्या संस्थांत आमच्या बायांना जागा द्या. तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. ठरावापासून कायद्यापर्यंत ५१ वर्षे गेली.

आज जागा आहे. पण कितीतरी गावांत नाव बाईचे आणि कारभार नवऱ्याचा. सही ती करते, बोलतो तो. १९४२ च्या बायांकडे एकही जागा नव्हती, पण आवाज होता. तो एका दिवसात आला नाही. जाईबाईंसारख्यांनी आधी शाळा काढल्या, मोहल्ल्यात सभा घेतल्या, चारचौघींत उभे राहून बोलायची सवय लावली. पुढारीपण असे शिकावे लागते.

आपल्यासाठी ती शाळा म्हणजे गटाची बैठक. दर बैठकीला वेगळ्या बाईने हिशेब वाचून दाखवावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. ती कागदावर होऊ देऊ नका. पाण्याचा असो, रेशनचा असो, दारूचा असो, एक ठराव तिथे लिहून न्या, मोठ्याने वाचा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढची सरपंच त्याच सभेत तयार होईल.